लेखकाच्या घराची क्षेत्रभेट

दिवंगत साहित्यिकाचे जतन केलेले जन्मघर किंवा राहते घर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवण्यासाठी शाळेने काढलेली अभ्याससहल. ती भाषा आणि इतिहास या दोन्ही विषयांत मोडते.

अशी घरे जपण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रुजली. स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअरचे जन्मघर १८४७ मध्ये लोकवर्गणीतून लिलावात विकत घेतले गेले. जुन्या पाहुण्यांनी आपली नावे कोरलेली खिडकीची काच तेथे जपून मांडली आहे. तेव्हाचा खोडसाळपणा आता प्रेक्षणीय ठरला.

घर पाहून पुस्तक कळत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. कळते ते आकारमान. इंग्लंडमधील हॉवर्थ येथे ब्राँटे भावंडांचे घर १९२८ पासून संग्रहालय आहे; त्यांतल्या तीन बहिणी कादंबरीकार झाल्या. तिन्ही बहिणी ज्या मेजावर लिहीत, ते तेथे आहे. त्यावर शाईचे डाग आहेत आणि ‘ई’ हे अक्षर कोरलेले आहे. लहानपणी या भावंडांनी खेळण्यातल्या सैनिकांसाठी काड्यापेटीएवढी पुस्तके लिहिली. ती पाहताना मुले काचेला नाक लावतात, आणि वर्गात तासभर सांगून जे पोचत नाही ते तेथे पोचते.

ही घरे एका कुटुंबापुरती बांधलेली असल्याने चाळीस मुले एका खोलीत मावत नाहीत. म्हणून वर्गाचे गट पाडून त्यांना पाळीपाळीने आत सोडतात. लेखकाचा एखादा उतारा आधी वाचून नेलेला असावा. प्रश्नावली मात्र छोटीच हवी, नाहीतर मुले भिंतीवरच्या पाट्या उतरवण्यातच वेळ घालवतात.

मुलांचा हमखास प्रश्न असतो, ‘हे खरंच त्यांचंच आहे का?’ तो टाळू नये. भेटीतला सर्वांत मोलाचा धडा त्यातच असतो. फ्रँकफर्टमधील जर्मन कवी ग्योटेचे जन्मघर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा बांधून १९५१ मध्ये खुले झाले. आतले बरेचसे सामान आधीच हलवल्यामुळे वाचले. म्हणजे भिंती नव्या, वस्तू जुन्या. अमेरिकेतील हॅनिबल येथे तर मार्क ट्वेनच्या बालपणीच्या घराशेजारी पांढरे कुंपण आहे, आणि टॉम सॉयरने मित्रांकडून रंगवून घेतलेले कुंपण येथेच होते, असे तिथली पाटी सांगते. टॉम कादंबरीतला आहे, हे पाटी सांगत नाही.