झिजणारे टायर शर्यत रंगवतात की बिघडवतात?

१३ जून २०१० रोजी माँट्रियल येथे झालेल्या कॅनडा ग्रां प्रीने फॉर्म्युला वनच्या पुढील पंधरा वर्षांच्या टायरविषयक धोरणाला दिशा दिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. त्या हंगामात सर्व संघांना ब्रिजस्टोनचे टायर मिळत आणि ते इतके टिकाऊ होते की बहुतेक शर्यतींत नियमाने सक्तीचा असलेला एकच पिट स्टॉप (टायर बदलण्यासाठीचा थांबा) पुरत असे. माँट्रियलच्या गुळगुळीत, कमी पकड देणाऱ्या धावपट्टीवर मात्र हेच टायर अनपेक्षितपणे लवकर खराब झाले, संघांची आखणी कोलमडली, आघाडी वारंवार बदलली आणि अखेर लुईस हॅमिल्टन जिंकला. प्रेक्षकांना ती शर्यत इतकी आवडली की पुढील वर्षापासून एकमेव पुरवठादार म्हणून येणाऱ्या पिरेली या इटालियन कंपनीला आयोजकांनी जाणीवपूर्वक लवकर झिजणारे टायर बनवायला सांगितले. टायर बनवणाऱ्या कंपनीने आपला माल कमी टिकावा यासाठी संशोधन करावे, ही विनंती विलक्षणच होती. तिने शर्यतीचे भले झाले की नुकसान, याविषयी चाहत्यांत आजही दोन तट आहेत. या वादात झीज किती वेगाने होते यावरच सारे बोलतात, पण झीज कोणत्या कारणाने होते आणि ती संघांना आधीच किती अचूक ठाऊक असते, हे दोन प्रश्न माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहेत.

टायरची पकड येते कोठून, हे आधी पाहू. रबर हा स्प्रिंगसारखा पूर्णपणे लवचीक नसतो आणि दाट द्रवासारखा पूर्णपणे वाहणाराही नसतो. तो या दोहोंच्या मधला पदार्थ आहे. धावपट्टीवरील खडीच्या टोकदार कणांवर मऊ रबर दाबले गेले की ते त्या कणांभोवती आकार घेते, पण मूळ आकारात परत येताना थोडे रेंगाळते. या रेंगाळण्यामुळे कणाच्या एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी राहतो व त्यातून घसरण्याला विरोध निर्माण होतो. याखेरीज रबराचे लांब रेणू धावपट्टीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात, हा पकडीचा दुसरा स्रोत होय. दोन्ही क्रियांमध्ये ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो, म्हणजेच जो टायर पकड देतो तो तापतोच. शर्यतीचा टायर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम काम करतो. त्याहून थंड असेल तर रबर कडक राहून घसरते, आणि फार तापले तर ते इतके मऊ होते की वळणावरचा ताण त्याला पेलत नाही.

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. पहिली म्हणजे खरी झीज: घर्षणाने रबराचे बारीक तुकडे निघून जातात, थर पातळ होतो आणि निघालेले तुकडे वळणांच्या बाहेरच्या बाजूला साचतात. दुसरी म्हणजे उष्णतेमुळे होणारा ऱ्हास, ज्यात रबराचा थर पुरेसा शिल्लक असतो, पण अति तापल्यामुळे त्याचा पृष्ठभाग पकड गमावतो, आणि हा ताप फार वेळ टिकला तर रबराची अंतर्गत रासायनिक घडणही बदलते व गेलेली पकड पूर्णपणे परत येत नाही. आत उष्णता कोंडली की थराखाली फोड येतात, तर थंड टायर घसरत राहिल्यास पृष्ठभाग फाटून त्याच्या वळ्या तयार होतात. माँट्रियलला मुख्य उपद्रव या शेवटच्या प्रकाराचा होता.

प्रेक्षकाला पिटकडे वळणारी गाडी दिसते, तिचे कारण झीज आहे की ताप हे दिसत नाही. चालकाच्या दृष्टीने मात्र हा फरक मोठा आहे. फॉर्म्युला वनची गाडी वळणावर जमिनीला धरून राहते ती बव्हंशी तिच्या पंखांवरून आणि तळाखालून जाणाऱ्या हवेच्या दाबामुळे, ज्याला डाउनफोर्स म्हणतात. पुढच्या गाडीच्या मागे हवा विस्कटलेली असते. त्यामुळे पाठलाग करणाऱ्या गाडीचा डाउनफोर्स कमी होतो, ती वळणावर किंचित घसरते आणि घसरणीने टायरचा पृष्ठभाग तापतो. टायर तापाला नाजूक असेल, तर जो चालक जवळ जाऊन हल्ला करू पाहतो त्यालाच सर्वाधिक शिक्षा होते. दोन-तीन फेऱ्यांच्या प्रयत्नानंतर तो नाइलाजाने दोन सेकंदांचे अंतर राखून टायर निवू देतो. चुरस वाढवण्यासाठी बनवलेला टायर चुरशीच्या मुळावर येतो तो असा. उलट, टायर केवळ झिजत असेल आणि ताप सहन करत असेल, तर चालक झुंजू शकतो आणि त्या झुंजीचे मोल त्याला पुढे पिटमध्ये लवकर जाऊन चुकवावे लागते, जे न्याय्यही आहे.

आता आखणीचे गणित पाहू. समजा, शर्यत ६० फेऱ्यांची आहे, पिटमध्ये जाऊन येण्यात २२ सेकंद जातात आणि टायर दर फेरीला ०.०४ सेकंदाने मंदावतो. तीस-तीस फेऱ्यांचे दोन टप्पे करून एकदाच थांबल्यास झीज आणि थांबा मिळून सुमारे ५७ सेकंद खर्ची पडतात, दोनदा थांबल्यास सुमारे ६७. दहा सेकंदांचा फरक असल्यामुळे कोणताही शहाणा संघ एकदाच थांबेल, सगळे एकाच सुमारास थांबतील आणि क्रम फारसा हलणार नाही. झिजेचा दर वाढवून ०.१० केला तर काय होते? एका थांब्याची किंमत १०९ सेकंद, दोन थांब्यांची १०१ आणि तीन थांब्यांची १०८ होते. म्हणजे पुन्हा एकच योजना स्पष्टपणे सरस ठरते. सारे जण दोनदा थांबतात, इतकेच. खरी गंमत ०.०७ या दराजवळ आहे. तेथे एक थांबा आणि दोन थांबे यांच्यात जेमतेम एका सेकंदाचा फरक उरतो, संघ वेगवेगळ्या वाटा धरतात आणि शेवटच्या दहा फेऱ्यांत ताज्या टायरवरची वेगवान गाडी जुन्या टायरवरच्या मंद गाडीला गाठते. (शर्यतीत इंधन जळून गाडी हलकी व वेगवान होत जाते, पण हा लाभ दोन्ही योजनांत सारखाच असल्यामुळे तुलनेत तो वगळता येतो.) तात्पर्य असे की टायर जितका लवकर झिजेल तितकी शर्यत चांगली, हे समीकरण चुकीचे आहे, झिजेच्या काही ठरावीक दरांजवळच दोन योजना समान होतात, आणि हा दर प्रत्येक धावपट्टीनुसार व हवामानानुसार बदलतो.

एकमेव पुरवठादार म्हणून पिरेलीचा पहिला हंगाम, म्हणजे २०११, समर्थकांची बाजू बळकट करणारा होता. चीनमध्ये सेबास्टियन फेटेल दोनदा थांबण्याच्या योजनेवर आघाडीवर होता, तर तीनदा थांबलेल्या हॅमिल्टनने अखेरच्या काही फेऱ्यांत त्याला मागे टाकून शर्यत जिंकली. मात्र त्याच वर्षी सरळ मार्गावर मागचा पंख उघडून वेग वाढवण्याची सोयही प्रथमच आली, आणि साठवलेली ऊर्जा वापरणारी यंत्रणा एका वर्षाच्या खंडानंतर परतली. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यावर ओव्हरटेकिंग वाढल्याचे श्रेय कोणाला किती द्यायचे, हे काटेकोरपणे सांगता येत नाही. टायरच्या बाजूने केल्या जाणाऱ्या पुष्कळशा दाव्यांत ही अडचण सोयीस्करपणे विसरली जाते.

२०१२ मध्ये पहिल्या सात शर्यतींत सात वेगवेगळे विजेते झाले. याच काळात टायरचा कडेलोटही सर्वांनी पाहिला. चीनमध्ये किमी रायकोनेन अखेरच्या टप्प्यात दुसऱ्या स्थानावर होता. त्याच्या टायरची पकड एकाएकी गेली, एक-दोन फेऱ्यांत तो पहिल्या दहाच्या बाहेर फेकला गेला आणि चौदावा आला. त्या वसंतात मिखाएल शूमाकरने उघड तक्रार केली की गाडीच्या पूर्ण क्षमतेने चालवणे या टायरवर शक्यच होत नाही. सात वेळा विश्वविजेता ठरलेल्या माणसाचे हे म्हणणे केवळ हरणाऱ्याची कुरकुर म्हणून सोडून देता येत नाही. मात्र टायर जपणे हे चालकाचे कौशल्य नव्हेच, असा निष्कर्षही त्यातून निघत नाही. जानेवारी १९५८ मध्ये ब्युनोस आयर्स येथे स्टर्लिंग मॉसच्या छोट्या कूपर गाडीची चाके बदलायला फार वेळ लागत असे, म्हणून तो कधीतरी थांबून मागे पडणारच, असे फेरारीच्या संघाने गृहीत धरले होते. मॉस थांबलाच नाही. टायरच्या आतले कापड दिसू लागले तरी त्याने गाडी अलगद चालवत ती शर्यत तीनपेक्षा कमी सेकंदांनी जिंकली. तेथेही टायर जपणेच निर्णायक ठरले. फरक एवढाच की ती अडचण सर्वांवर जाणीवपूर्वक लादलेली नव्हती.

हंगाम पुढे सरकला तशी २०१२ मधली अनिश्चितता कमी होत गेली. संघांनी शुक्रवारच्या सरावातील आकडे संगणकीय प्रारूपांत घालून झिजेचा अंदाज बांधणे सुधारले, आणि आश्चर्याचा साठा संपला. माझ्या मते कॅनडा २०१० चा धडा येथेच चुकीचा वाचला गेला. ती शर्यत रंगली कारण टायर असे वागतील हे कोणालाच ठाऊक नव्हते. झीज टायरमध्ये घालता येते, पण अज्ञान घालता येत नाही. निदान ते फार काळ टिकत नाही.

२०१३ मध्ये हा प्रयोग टोकाला गेला. स्पेनमध्ये फर्नांडो अलोन्सो चार वेळा थांबून जिंकला आणि सामान्य प्रेक्षकाला कोण खरोखर पुढे आहे हे कळेनासे झाले. जूनअखेर सिल्व्हरस्टोन येथे आघाडीवरच्या हॅमिल्टनसह अनेक चालकांचे डावे मागचे टायर भर वेगात फाटले. ही घटना झिजेच्या वादात ओढली जाते, पण शास्त्रीयदृष्ट्या ती वेगळी आहे. तेथे प्रश्न वरच्या रबराच्या थराचा नव्हता, आतील सांगाड्याचा होता; उजव्या-डाव्या बाजूंची अदलाबदल करून टायर बसवणे, हवेचा दाब कमी ठेवणे आणि वळणाच्या कडेचे उंचवटे, अशी कारणे पिरेलीने पुढे केली. पुढच्याच शर्यतीसाठी मागच्या टायरमधील पोलादी पट्ट्याच्या जागी केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचा पट्टा आला.

याच्या उलट टोकाचे प्रयोगही झाले आहेत. २००५ मध्ये एकच टायरसंच पूर्ण शर्यतभर चालवण्याचा नियम होता. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या कलत्या वळणाचा ताण मिशेलिनच्या टायरना पेलवेना, म्हणून चौदा गाड्या सुरुवातीआधीच माघारी गेल्या आणि केवळ सहा गाड्या धावल्या. नारायण कार्तिकेयनचे चौथे स्थान त्याच विचित्र दिवसाचे. २०१० मध्ये मोंझा येथे फेटेलने सक्तीचा थांबा चक्क शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत लांबवला आणि तरीही तो चौथा आला, इतके ते टायर टिकाऊ होते. २०१७ मध्ये पुढचा टायर २४५ वरून ३०५ मिलिमीटर आणि मागचा ३२५ वरून ४०५ मिलिमीटर रुंद झाला व तो कमी झिजेल असा बनवला गेला. चालक खूश झाले, पण एका थांब्याच्या शर्यती वाढल्या आणि ओव्हरटेकिंग स्पष्टपणे घटले. अर्थात रुंद पंखांमुळे विस्कटलेली हवाही त्या वर्षी वाढली होती.

टायर पुरेसा झिजत नसेल तर नियमानेच थांबायला लावावे, असा उपाय अधूनमधून सुचवला जातो. २०२५ मध्ये मोनॅको येथे किमान तीन टायरसंच वापरण्याची सक्ती झाली. काही संघांनी आपल्या एका चालकाला मुद्दाम संथ चालवायला लावून मागची रांग अडवली आणि दुसऱ्याला विनासायास थांबू दिले. त्याच वर्षी कतारमध्ये सुरक्षेसाठी एका संचावर जास्तीत जास्त २५ फेऱ्यांची मर्यादा होती. ५७ फेऱ्यांच्या शर्यतीत सातव्या फेरीला सेफ्टी कार (अडथळा दूर होईपर्यंत सर्व गाड्यांना संथ चालवायला लावणारी गाडी) आली आणि उरलेल्या ५० फेऱ्या बरोबर दोन संचांत बसत असल्याने जवळजवळ सारे जण एकाच वेळी पिटमध्ये शिरले. मॅक्लारेन संघाने मात्र आपल्या गाड्या थांबवल्या नाहीत आणि मॅक्स व्हर्स्टॅपन जिंकला. एक चूक सोडली तर त्यात आखणीला वावच नव्हता. सक्ती सर्वांना एकाच वेळापत्रकात बांधते, आणि झिजेकडून आपल्याला नेमके याच्या विरुद्ध हवे असते.

मला आदर्श वाटते ती २०२४ ची बेल्जियममधील स्पा येथील शर्यत. ४४ फेऱ्यांसाठी बहुतेकांनी दोन थांबे ठरवले होते, पण कठीण रबराचा टायर अपेक्षेपेक्षा चांगला टिकतो आहे हे जॉर्ज रसेलने शर्यत चालू असताना ओळखले. दहाव्या फेरीनंतर तो थांबलाच नाही आणि दोनदा थांबलेल्या हॅमिल्टनच्या सुमारे अर्धा सेकंद आधी त्याने रेषा ओलांडली. तासाभराहून अधिक चाललेल्या शर्यतीत दोन भिन्न योजना इतक्या जवळ आल्या. तपासणीत रसेलची गाडी नियमातील किमान वजनापेक्षा दीड किलो हलकी भरली आणि तो बाद झाला, हे दुर्दैव. चालक एरवी परतताना कडेला साचलेले रबर चाकांना चिकटवून थोडे वजन कमावतात, पण स्पा येथे शर्यतीनंतर पूर्ण फेरी मारली जात नाही. संघाने नंतर दिलेल्या कारणांत टायरची झीजही होती.

पुढील वर्षी पिरेलीने त्याच धावपट्टीवर एक नवा विचार आजमावला. कडकपणाच्या लागोपाठच्या तीन प्रतींचे रबर आणण्याऐवजी मधली एक प्रत वगळून कठीण आणि मध्यम टायरमधले वेगाचे अंतर वाढवले, म्हणजे एकदा थांबणाऱ्याला संथ टायर आणि दोनदा थांबणाऱ्याला वेगवान टायर अशी निवड करावी लागावी. शर्यतीच्या दिवशी पाऊस पडला. धावपट्टी वाळल्यावर ऑस्कर पिआस्ट्रीने मध्यम आणि लँडो नॉरिसने कठीण टायर घेतला. मध्यम टायर अखेरपर्यंत टिकला आणि पिआस्ट्री तीन-चार सेकंदांनी जिंकला. हाच प्रयोग त्या हंगामात ऑस्टिन आणि मेक्सिको येथेही झाला.