भाषण लिहून घ्यायला येण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे येणारा पहिला मेसेज बहुतेक वेळा असा असतो: "सर, स्त्री-पुरुष समानता, पाच मिनिटं, परवा सकाळी हवंय. किती होतील?" किती होतील ते मागच्या पानावर छापलं आहे. बाकीचं इथे सांगतो, कारण तेच ते फोनवर सांगून आमचा घसा बसतो आणि घसा हे आमचं भांडवल आहे.

असा मेसेज आला की आम्ही उलट फोन करतो आणि विचारतो, ऐकायला कोण बसणार आहे? उत्तर येतं, "पब्लिक." मग विचारतो, तुम्ही बोलून खाली बसलात की त्या पब्लिकनं काय करावं असं तुम्हाला वाटतं? इथे पलीकडे शांतता होते. एकदा एक ताई म्हणाल्या, "टाळ्या वाजवाव्यात, आणखी काय!" त्यांचं काम आम्ही एका दिवसात करून दिलं, कारण काय हवंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाकीच्यांना ते तिसरा मसुदा वाचल्यावर कळायला लागतं. "छान झालंय हो, पण मला जे म्हणायचं होतं ते यात येत नाही." आता ते काय होतं, हे तुम्ही आम्हाला सांगितलेलंच नसतं.

विषय सांगणं म्हणजे भाषणाची ऑर्डर देणं नव्हे. शिंप्याकडे जाऊन "कापड निळं आहे" एवढंच सांगून कोणी परत येत नाही. कोणाच्या मापाचं आणि कशासाठी, ते सांगावं लागतं. आमचा निम्म्याहून जास्त वेळ या एका गोष्टीत जातो. म्हणून आता पहिल्या अर्ध्या तासाच्या फोनचे पैसे आम्ही वेगळे घेतो. काहींना ते खटकतं, "नुसतं बोलायचे पैसे?" म्हणतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो.

एका चार मजली सोसायटीचे सचिव आमच्याकडे आले. लिफ्ट जुनी, महिन्यातून दोनदा बंद पडणारी. नवीन बसवायला सभासदांना राजी करायचं होतं. त्यांच्याकडे चार पानांचं भाषण तयार होतं, आम्ही फक्त "भाषा सुधारून" द्यायची होती. त्यात दुरुस्तीच्या खर्चाचा तक्ता होता, लिफ्ट कंपनीचा अहवाल होता आणि उपविधीतली, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतली, तरतूदही होती की लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सदनिकांना सारखाच द्यावा लागतो, मग कोणी लिफ्ट वापरो न वापरो. सगळं बरोबर होतं. हेच सगळं त्यांनी मागच्या सभेत वाचून दाखवलं होतं आणि तळमजल्यावरचे चौघेही सभासद मधेच उठून गेले होते.

आम्ही विचारलं, या सभेच्या शेवटी काय व्हायला हवंय? "नवीन लिफ्ट." एका संध्याकाळी लिफ्ट येत नाही. अर्धा तास बोलल्यावर खरं उत्तर निघालं: तीन कंपन्यांकडून दरपत्रकं मागवायचा ठराव. बस, एवढंच. मग पुढचा प्रश्न, हा ठराव अडवणार कोण? तिसरा-चौथा मजला आधीच तयार होता. त्यांना पटवायला चार पानं खर्च करण्यात काय अर्थ? भाषण तळमजल्यासाठी होतं. आणि तळमजल्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "आम्ही जिना चढतच नाही, तर पैसे का द्यायचे?"

ते वाक्य आम्ही भाषणात सगळ्यात वर घेतलं. सचिवांच्याच तोंडून, टोमणा न मारता. ज्याला विरोध करायचाय त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट शब्दांत आधी आपणच मांडलं की तो उठून जात नाही, निदान पुढे काय म्हणतायत ते ऐकतो. त्यानंतर, आजच्या ठरावात कोणाकडून एक रुपयाही मागितलेला नाही, फक्त दर मागवायचे आहेत. आणि मग फोन ठेवता ठेवता सचिव सहज म्हणाले की जानेवारीत तळमजल्यावरच्याच एक आजी तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकवाला निघाल्या असताना वीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. चार पानांत याचा उल्लेखही नव्हता! "ते काय भाषणात घालायचं असतं का?" हा त्यांचा प्रश्न. आजींना विचारून घेतलं, त्या हसत हो म्हणाल्या, आणि पहिल्या रांगेत येऊन बसल्या. भाषण चार मिनिटांचं झालं. ठराव मंजूर झाला. लिफ्ट अजून जुनीच आहे, पण ते आमच्या हातात नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की माणूस तीन गोष्टींनी पटतो: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. आमचे बहुतेक ग्राहक तिसऱ्या गोष्टीचं पोतं घेऊन येतात आणि पहिल्या दोन घरी ठेवतात. काही जण उलट करतात, नुसत्या भावनेवर दहा मिनिटं काढतात. त्यांचं भाषण ऐकताना डोळ्यांत पाणी येतं आणि घरी गेल्यावर आठवत नाही की आपल्याला नेमकं काय करायला सांगितलं होतं.

आक्षेप आधी मांडण्याची ही काही आमची युक्ती नाही. दर वर्षी १४ एप्रिलच्या आधी आमच्याकडे बाबासाहेबांवरच्या भाषणाची रांग लागते आणि प्रत्येकाला जन्मस्थळापासून पदव्यांपर्यंतची यादी हवी असते. ती यादी समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असते. आम्ही त्याऐवजी सुचवतो की त्यांचं एकच भाषण घ्या, २५ नोव्हेंबर १९४९ चं, संविधान सभेतलं. ते घडलंय कसं ते बघा. सभेनं फार वेळ घेतला, लोकांचा पैसा वाया घालवला, अशी टीका तेव्हा होत होती. बाबासाहेबांनी ती टाळली नाही, सुरुवातीच्या भागातच घेतली. अमेरिकेला चार महिने लागले हे स्वतःच सांगितलं. कॅनडाला सुमारे दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. मग पुढचा आकडा: अमेरिकेच्या घटनेत सात कलमं, आपल्या मसुद्यात ३९५. त्या देशांना दुरुस्त्यांचा प्रश्नच आला नव्हता, या सभेपुढे मात्र २,४७३ दुरुस्त्या हाताळायच्या होत्या. आकडे थोडेच, पण प्रत्येक आकडा एका आक्षेपाला उत्तर देणारा. आणि शेवटाकडे येताना लोकशाही टिकवायची तर आपण काय केलं पाहिजे, हे त्यांनी पहिली, दुसरी, तिसरी असं मोजून सांगितलं: संवैधानिक मार्ग धरा, कितीही मोठा माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. ऐकणाऱ्याच्या हातात काम दिलंय. सातवी-आठवीच्या मुलालासुद्धा हे समजावून घेऊन चार मिनिटांत बोलता येतं, आम्ही बोलवून घेतलं आहे.

आता पाठांतर. पालकांची मागणी असते की भाषण शब्द न् शब्द लिहून द्या, आम्ही पाठ करून घेऊ. आम्ही पूर्ण मजकूर देतो, पण सोबत पाच-सहा मुद्द्यांचं पोस्टकार्डाएवढं कार्डही देतो, आणि व्यासपीठावर फक्त कार्ड न्या म्हणतो. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं पाठ हवीत, मधलं नको. कारण पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची गाडी रुळावरून घसरते, मूल छताकडे बघायला लागतं आणि आई पहिल्या रांगेतून ओठ हलवायला लागते. मुद्दे लक्षात असले तर शब्द चुकला तरी मुद्दा पुढे सरकतो.

यावर मोठी माणसं म्हणतात, थोर वक्ते तर आयत्या वेळी बोलतात, मग तयारी कशाला? २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि जे बोलले ते जगाला आठवतं, हे खरं आहे. "माझं एक स्वप्न आहे" हा तो भाग त्या दिवशीच्या मजकुरात नव्हता. पण त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत तो त्यांनी मांडला होता. आयत्या वेळी तोंडात येतं ते आधी पुष्कळ वेळा घोळवलेलंच असतं. "मी उभा राहिलो की सुचतं" म्हणणाऱ्या आमच्या ग्राहकांना उभं राहिल्यावर बहुधा "वेळेअभावी मी फार बोलणार नाही" हेच सुचतं, आणि मग ते पंचवीस मिनिटं बोलतात.

वेळेचा हिशेब साधा आहे. सावकाश, मागच्या रांगेला कळेल असं मराठी बोललं तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. हा आम्ही घड्याळ लावून काढलेला हिशेब आहे, तुम्ही घरी करून बघा. म्हणजे पाच मिनिटांना पाचशे शब्द. त्यातून नावं वजा करा. व्यासपीठावर चौदा मान्यवर असतील आणि प्रत्येकाला "सन्माननीय" आणि पद लावून घ्यायचं असेल तर दीड मिनिट तिथेच गेलं. नाव गाळलं तर माणूस दुखावतो, गावात तर वर्षभर लक्षात ठेवतो, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून आम्ही नावं गाळा असं म्हणत नाही. यादी आधी द्या, म्हणजे भाषण साडेतीन मिनिटांचं लिहू. बाराशे शब्द आणून "मी फास्ट वाचीन" म्हणू नका.

शेवटी चारोळी हवी असेल तर घालून देतो. आग्रह मात्र करत नाही.

तयार भाषणांची वही आमच्याकडे मिळत नाही. हे लिहावं लागतं कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. मी वीस वर्षं शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण केलंय. एकाच स्पर्धेत तीन मुलांनी एकच भाषण केलेलं ऐकलंय, तिघांचाही घसा एकाच वाक्याला दाटून आला होता. गुण कोणाला द्यायचे? हल्ली मोबाइलही फुकट लिहून देतो आणि चुकाही कमी करतो. तुमचं त्यावर भागत असेल तर खुशाल वापरा, आम्हाला राग नाही. फक्त लिफ्टमध्ये अडकलेल्या आजी त्याला माहीत नसतात. त्या तुम्हीच सांगायच्या असतात आणि तुम्हाला वाटतं की त्या सांगण्यासारख्या नाहीत. तो अर्ध्या तासाचा फोन आम्ही त्यांच्यासाठीच ठेवलेला आहे.

मेसेज करताना एवढं कळवा: कार्यक्रम कोणता, समोर कोण आणि साधारण किती जण, तुमच्या आधी कोण बोलणार, वेळ किती, आणि बोलून झाल्यावर ऐकणाऱ्यानं काय करावं ते एका वाक्यात. वाक्य "जागरूक व्हावं" असं असेल तर आम्ही परत विचारू. जागरूक होऊन माणूस उद्या सकाळी काय करेल? ओला-सुका कचरा वेगळा देईल, ग्रामसभेला येईल, रक्तदानाला नाव नोंदवेल, पतसंस्थेच्या ठरावाला हात वर करेल. हात वर करण्याइतकं बारीक सांगा. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा. बोलून पाठवलेलं आम्हाला जास्त आवडतं, कारण तुमची शब्द वापरायची पद्धत कळते आणि भाषण तुमच्या तोंडात बसतं. जे शब्द तुम्ही घरात कधी उच्चारत नाही ते आम्ही तुमच्या भाषणात घालत नाही. "भाषा जरा भारदस्त करा" हा आग्रह आम्ही म्हणूनच हळूच टाळतो.

कामाला चार दिवस लागतात: एक दिवस फोनचा, दोन लिहिण्याचे, एक सरावाचा. उद्याचं काम आज घेत नाही. याला अपवाद श्रद्धांजलीच्या भाषणाचा, ते कधीही सांगा, त्याचे जास्तीचे पैसे लागत नाहीत.

दोन हंगामांत लवकर नोंदवा. एक, ३१ मे. शाळेत नाव घालताना सरसकट १ जून जन्मतारीख लावलेली पिढी अजून निवृत्त होते आहे, त्यामुळे अर्ध्या तालुक्याचे निरोप समारंभ एकाच दिवशी येतात. (निरोपाच्या भाषणातही एकच गोष्ट ठरवून या. चाळीस वर्षांची सगळी नोकरी नको, त्या माणसाची एक सवय पुरते.) दुसरा सप्टेंबर, कारण सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० तारखेच्या आत उरकायच्या असतात. अध्यक्षांची भाषणं आम्ही ऑगस्टपासून घेतो. विरोधी गटाचंही काम आधी आलं असेल तर त्याच सभेचं दुसरं घेत नाही, तेव्हा कोणी आधी फोन केला ते आम्हाला विचारू नका.

सरावासाठी समोरासमोर यायला जमत नसेल तर घरी उभं राहून, कार्ड हातात धरून, एकदा सबंध भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पाठवा. मधे चुकलं तर परत पहिल्यापासून सुरू करू नका, तसंच पुढे जा, चूक कुठे होते तेच आम्हाला बघायचं असतं. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा आणि मिक्सर बंद ठेवा.