उल्का पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही
एप्रिल आला की ठाण्यात एक जुना समज हमखास ऐकू येतो, तो म्हणजे उल्कावर्षाव पाहायचा तर दुर्बीण हवीच. हे खरे नाही. उलट दुर्बिणीमुळे उल्का हातच्या निसटतात. तिच्यातून साधारण एक अंशाचे, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी मावतील एवढेच आकाश दिसते, आणि उल्का तर आकाशात कुठेही क्षणभर चमकून विझते.

२२ एप्रिलच्या सुमारास ऐन भरात येणारा स्वरमंडळ उल्कावर्षाव म्हणजे थॅचर धूमकेतूने मागे सोडलेले कण, जे सेकंदाला सुमारे ४९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. त्यांच्या चमकत्या रेषा स्वरमंडळ तारकासमूहातल्या अभिजित ताऱ्याजवळून फुटल्यासारख्या भासतात. हा तारा रात्री दहाच्या सुमारास ईशान्येला उगवतो आणि पुरेसा वर यायला त्याला वेळ लागतो, म्हणून खरी वेळ मध्यरात्रीनंतरची. अगदी काळोख्या जागी तासाला पंधरा-वीस उल्का दिसू शकतात. घोडबंदर रस्त्यावरच्या गच्चीवरून मात्र दिव्यांच्या झगमगाटात फक्त ठळक तेवढ्याच दिसतील. त्यापेक्षा मुरबाड-शहापूरकडचे एखादे मोकळे माळरान गाठावे, चटईवर उताणे पडावे आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला किमान वीस मिनिटे द्यावीत. तेवढ्यात कोणी मोबाइल उघडला, की ती वीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.