बाजारगाव आणि तराजू

महाराष्ट्रात शेतीवर जगणाऱ्या लहान शहराला लोक ‘बाजाराचं गाव’ म्हणतात. आजूबाजूची वीस-तीस खेडी ज्याच्याकडे बघून चालतात, असं गाव. जुन्या कागदपत्रांत या गावांची ओळख नावाआधीच्या एका शब्दात असे. ‘मौजे’ म्हणजे शेतकऱ्यांची वस्ती, आणि ‘कसबे’ म्हणजे बाजार भरणारं, परगण्यातलं मोठं ठिकाण. मौजेला पाटील आणि कुलकर्णी असत, कसब्याच्या पेठेला त्याशिवाय पेठेचा कारभार पाहणारे शेटे आणि महाजन असत. नवी पेठ वसवायची तर राज्यकर्ते कौल, म्हणजे लेखी अभय, देत, काही वर्षं कर माफ करत, आणि व्यापारी, साळी, तेली येऊन राहत. शेजारच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरत, म्हणजे फिरत्या व्यापाऱ्याला रोज एक बाजार मिळे.

खेड्यात मात्र व्यवहार खळ्यावर होत असे. सुगीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार यांना धान्याच्या रूपानं बलुतं मिळे. त्याला आपुलकीची व्यवस्था म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. कोणाला किती पेंढ्या आणि कोणाला किती मान हे जातीनं ठरलेलं होतं, आणि ते बदलून मागायची सोय नव्हती.

इंग्रजी अमलात सारा, म्हणजे जमिनीचा कर, रोखीनं आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरावा लागू लागला. पीक हाती आलं की लगेच विकायचं, नाहीतर सावकाराकडे जायचं. शेतकऱ्याचं आणि बाजाराच्या गावाचं नातं इथं बदललं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव कडाडले, सावकारांनी सढळ हातानं कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, वर साऱ्याची फेरआकारणी आली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, भरल्या बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडली. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. रोखे, गहाणखतं, वह्या काढून जाळल्या. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी कायदा झाला. माणसं ओळखीची, बाजार नेहमीचा, आणि आग लागली ती कागदाला. ही गोष्ट वाचताना दरवेळी मी इथं थांबतो, कारण आपल्या जमिनीचं काय होणार हे आपल्याला न वाचता येणाऱ्या ओळींत लिहिलेलं आहे, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं समजलेलं होतं.

दुसरा जाच तराजूचा होता, आणि तो जास्त टिकला. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. माल ज्याचा, तो शेजारी उभा, आणि भाव किती झाला हे त्यालाच ठाऊक नाही. मग पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, हमाली, तोलाई, अडत (अडत्याचं कमिशन), धर्मादाय, नमुन्याचा माल, वजनातली सूट अशी कापाकापी. गाडी भरून आणलेल्या मालाचे हाती पडलेले पैसे घेऊन माणूस संध्याकाळी मीठ आणि कापड घेऊन घरी जाई.

वऱ्हाडात रेल्वे आली तशी कापसाची गावं फुगली. सरकी काढणाऱ्या जिन आणि गाठी बांधणाऱ्या प्रेस उभ्या राहिल्या. वऱ्हाड तेव्हा निजामाचं, पण कारभार इंग्रजांचा. हैदराबादच्या रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाकडच्या इंग्रज प्रतिनिधीच्या, आदेशानं 1886 मध्ये कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित, म्हणजे नियमांनी बांधलेला, कापूस बाजार सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. गिरण्यांना रास्त भावात चांगला कापूस मिळावा ही त्यामागची मोठी गरज होती, आणि बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं होती. पिकवणाऱ्याला तिथं जागा नव्हती. शाही कृषी आयोगानं 1928 मध्ये नियंत्रित बाजारांचा आग्रह धरल्यावर 1939 चा मुंबई प्रांताचा कायदा आला, आणि महाराष्ट्र झाल्यावर 1963 चा. उघडा लिलाव, तपासलेलं वजन, लेखी पट्टी हे त्यातून रुळलं. आजच्या रचनेत समितीवर सहकारी सोसायट्यांचे 11, ग्रामपंचायतींचे 4, व्यापारी-अडत्यांचे 2 आणि हमाल-मापाड्यांचा 1 असे संचालक निवडून येतात. बाजाराच्या गावचं राजकारण गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीपासून का सुरू होतं, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

पण गाव म्हणजे नुसता व्यवहार नव्हे. पाणी कोणी कुठं प्यायचं, हा प्रश्नही याच पेठांमध्ये उभा राहिला. महाड हे व्यापाराचं गाव. तिथल्या नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले, त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. बाजारात सगळ्यांचा पैसा चालत होता, माणूस मात्र चालत नव्हता. महारांसारख्या कनिष्ठ गावकामगारांची वतनं, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारी गावकीची बांधिलकी, कायद्यानं रद्द व्हायला 1959 उजाडलं.

स्वातंत्र्यानंतर गावाचा मध्यच सरकला. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, आणि पुढच्या काही दशकांत वेस आणि पेठ मागे पडून स्टँडभोवती नवं गाव उभं राहिलं. कॉलेजला जाणारी खेड्यातली मुलगी, दवाखान्याला आलेली म्हातारी, कृषी केंद्रात औषध विचारणारा शेतकरी, सगळे तिथंच उतरतात.

अलीकडे आणखी एक बदल झाला. तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच ग्रामपंचायती 2014-15 च्या सुमारास नगरपंचायती झाल्या. पाटीवर शहर आलं, ग्रामसभा गेली. ग्रामीण रोजगार हमीची कामंही कायद्यानं ग्रामीण भागापुरतीच, त्यामुळे शेतमजुराला ती आपल्या गावात मिळेनात. 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक मिळाली, आणि त्या मालाची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. व्यापाऱ्यांनी त्यावर लिलाव बंद ठेवले होते.

आठवड्याचा बाजार मात्र ठरलेल्या वारीच भरतो. पालं पहाटे पडतात, आणि जवळच्या वाडीवरची बाई टोपलीतली मेथी स्वतः मोजून, स्वतः भाव सांगून विकते.