मेल सर्व्हर बदलताना पत्रांचा ताळमेळ : पार्श्वभूमी

एखादी संस्था आपला मेल सर्व्हर बदलते तेव्हा फाइलींची नक्कल करणे हा त्यातला सोपा भाग असतो. खरी अडचण अशी की नक्कल चालू असतानाच जुन्या सर्व्हरवर नवी पत्रे येत असतात आणि लोक पत्रे वाचत, पुसत, एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवत असतात. नेलेली प्रत आणि मूळ यांचा ताळमेळ शेवटच्या क्षणापर्यंत राखायचा, तर ‘हे पत्र तेच आहे का’ या प्रश्नाला दोन्ही सर्व्हरांकडून सारखेच उत्तर मिळायला हवे. ईमेलच्या मूळ रचनेत या प्रश्नाची सोय नव्हती. ती पुढच्या काही दशकांत वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या गरजांपोटी, तुकड्यातुकड्याने केली, आणि आजच्या मायग्रेशनमधल्या, म्हणजे अशा स्थलांतरातल्या, बहुतेक कटकटी त्या जोडांवरच उद्भवतात.

१९७० च्या दशकात युनिक्स या संगणक प्रणालीवर रुजलेल्या एमबॉक्स पद्धतीत एका माणसाची सगळी पत्रे एकाच फाइलीत एकापुढे एक लिहिली जात. ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे एक मोकळी जागा, अशी ओळ आली की नवे पत्र सुरू झाले असे मानायचे. मजकुरातच तशी ओळ आली तर तिच्या आधी ‘>’ हे चिन्ह घालायचे. हे चिन्ह पत्राच्या मूळ मजकुरात फेरफार करते, आणि पुढे डिजिटल सही तपासण्याची पद्धत आल्यावर एवढ्याशा फेरफारानेही सही जुळेनाशी झाली. तरीही त्या काळी सर्व्हर बदलणे म्हणजे एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवणे इतकेच काम होते, कारण पत्र वाचल्याची खूणही त्याच फाइलीत नोंदलेली असे.

१९८४ मध्ये पॉप हा सर्व्हरवरून पत्रे उतरवून घेण्याचा नियमसंच (प्रोटोकॉल) आणि १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. सर्व्हर हे टपाल तात्पुरते थांबण्याचे ठिकाण, पत्रे उतरवून घ्यायची आणि तिथून काढून टाकायची, अशी त्यामागची कल्पना होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा महागड्या डायल-अप वेळेत पत्रे उतरवून लाइन तोडायची ही रीत आपल्याकडेही सोयीची ठरली. पुढे लोक दोन संगणकांवर मेल पाहू लागले आणि ‘सर्व्हरवर प्रत राहू द्या’ हा पर्याय सर्रास वापरला जाऊ लागला. कोणती पत्रे आधी उतरवली हे ओळखण्यासाठी १९९४ च्या पॉप मानकात प्रत्येक पत्राला खुणेची एक ओळ देण्याची ऐच्छिक सोय झाली, पण ती ओळ कशी तयार करायची हे प्रत्येक सर्व्हरने आपापले ठरवले. नव्या सर्व्हरने ती वेगळ्या पद्धतीने बनवली की ग्राहकाच्या संगणकावर वर्षानुवर्षांची पत्रे पुन्हा उतरू लागतात. हे टाळता यावे म्हणून डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरात जुन्या सर्व्हरची खूण हुबेहूब वठवण्याचे सेटिंग आहे, आणि मायग्रेशनच्या घाईत तेच बघायचे राहून जाते.

दरम्यान मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे आयमॅप या दुसऱ्या नियमसंचाची आखणी केली. पत्रे सर्व्हरवरच राहतील आणि मेल प्रोग्रॅम त्यांचे केवळ दर्शन घडवेल, हा विचार पॉपच्या नेमका उलट होता. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीपासून फोल्डरमधल्या प्रत्येक पत्राला चढत्या क्रमाचा एक कायम आकडा मिळाला आणि त्या आकड्यांची वैधता सांगणारा आणखी एक आकडा फोल्डरला मिळाला. हा दुसरा आकडा बदलला तर प्रोग्रॅमने साठवलेले सगळे विसरून फोल्डर नव्याने वाचावा, असा नियम झाला. मला ही योजना फार प्रामाणिक वाटते, कारण सर्व्हरला आपल्या नोंदी विस्कटल्याची कबुली द्यायची रीतसर वाट त्यात आहे. मात्र या आकड्यांना अर्थ आहे तो त्या एका सर्व्हरवरच्या त्या एका फोल्डरपुरता.

१९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या मेल सर्व्हरसाठी मेलडिर ही साठवण आणली. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, आणि पत्राची अवस्था फाइलीच्या नावातच : अपूर्णविराम, दोनचा आकडा, स्वल्पविराम आणि त्यापुढे अक्षरे. ‘एस’ म्हणजे वाचलेले, ‘आर’ म्हणजे उत्तर दिलेले, ‘एफ’ म्हणजे लक्षात ठेवण्यासाठी खूण केलेले. फाइल कुलूपबंद करण्याची गरज यात उरली नाही. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक हे फाइलींतला केवळ फरक तेवढा दुसरीकडे नेणारे साधन प्रसिद्ध केले, आणि सर्व्हर चालू असताना एक फेरी, मग सेवा थांबवून शेवटची छोटी फेरी, ही पद्धत हळूहळू रूढ झाली.

इथे एक बारकावा आहे. पहिल्या फेरीनंतर कोणी पत्र वाचले की जुन्या सर्व्हरवर त्या फाइलीचे नाव बदलते. आरसिंकच्या लेखी ती नवीच फाइल असते, म्हणून दुसऱ्या फेरीत ती पुन्हा नेली जाते, जुन्या नावाची प्रतही तिथेच राहते आणि माणसाला एकच पत्र दोनदा दिसते. मुळात नसलेल्या फाइली पुसण्याचा पर्याय दिला तर हे दुखणे जाते. पण एव्हाना नव्या सर्व्हरवर टपाल थेट येऊ लागले असेल, तर त्याच पर्यायाने ते नवे टपालही पुसले जाते, कारण ते जुन्या सर्व्हरवर कधी नव्हतेच. त्यामुळे टपाल कोणत्या सर्व्हरकडे जायचे हे सांगणारी डीएनएसमधली नोंद कधी बदलायची आणि शेवटची फेरी कधी मारायची, हा क्रम मागेपुढे होऊन चालत नाही. शिवाय पत्रांच्या आयमॅप आकड्यांची यादी प्रत्येक फोल्डरात वेगळ्या फाइलीत असते. ती मागे राहिली, तर पत्रे सुखरूप पोहोचूनही प्रत्येकाचा मेल प्रोग्रॅम सारे काही पुन्हा उतरवत बसतो.

दोन्ही सर्व्हरांच्या डिस्कपर्यंत हात पोहोचत नसेल, तर आयमॅपमधूनच पत्रे न्यावी लागतात. जिल लामिराल यांचे आयमॅपसिंक २००१ पासून हेच करते. नव्या ठिकाणी पत्राला नवा आकडा मिळतो, म्हणून मेसेज-आयडी ही पत्राच्या शीर्षओळींतली ओळखखूण आणि पत्राचा प्रवास नोंदवणाऱ्या ओळी ताडून ते आधी नेले आहे का हे ठरवले जाते. अर्धवट लिहून ठेवलेल्या मसुद्यांत मात्र प्रवासाची नोंदच नसते. पत्र ठेवताना मूळ पोहोचण्याची तारीख सोबत सांगावी लागते, नाहीतर काही मेल प्रोग्रॅममध्ये दहा वर्षांची पत्रे स्थलांतराच्या एकाच दिवशी आलेली दिसतात. २००७ मध्ये जीमेलने आयमॅप दिले तेव्हा त्याची लेबले फोल्डर म्हणून दिसू लागली, आणि तीन लेबलांचे एक पत्र दुसरीकडे नेताना त्याच्या तीन प्रती होऊ लागल्या. मराठी वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जपावी लागते. ‘पावत्या’ असे फोल्डरचे नाव जुन्या आयमॅपमध्ये ‘&’ ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक ओळीत जाते, आणि डिस्कवरून डिस्कवर नक्कल करताना नव्या सर्व्हरची नावे साठवायची पद्धत वेगळी असेल तर लोकांना फोल्डरच्या जागी तीच अगम्य ओळ दिसते. २०२१ च्या सुधारित आयमॅप मानकाने नावांसाठी थेट यूटीएफ-८ ही देवनागरीसह सर्व लिपी सामावणारी पद्धत स्वीकारली आहे.

२००६ आणि २००८ च्या आयमॅप विस्तारांनी फक्त बदललेले आणि पुसलेले तेवढेच विचारण्याची सोय केली. २०१० च्या डव्हकॉट २.० मधील डीसिंक या साधनाने दोन डव्हकॉट सर्व्हरांमध्ये आकड्यांसह दोन्ही दिशांनी मेळ घालून दाखवला. २०१८ मध्ये आलेल्या आयमॅप विस्ताराने, आणि २०१९ मध्ये मानक झालेल्या जेमॅप या नव्या नियमसंचानेही, पत्राला फोल्डर बदलला तरी टिकणारी ओळख दिली. मात्र ती ओळख सर्व्हर स्वतः देतो आणि ती त्याच्या खात्यापुरतीच चालते. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरांमध्ये पत्रे हलवायची झाली, तर आजही मेसेज-आयडी ताडूनच काम करावे लागते.