एक मेणबत्ती सोडून सगळ्या विझवल्या

विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणी हेडफोन लावून जुनी इंग्रजी भयकथा ऐकताना दिसलं, की ‘हे काही वाचन नव्हे’ असं म्हणणारे भेटतातच. मला ते पटत नाही. या कथांपैकी कितीतरी छापल्या जाण्याआधी ऐकवल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या कथा ग्रंथालयांत आयुष्य घालवलेल्या माणसाने लिहिल्या.

तो माणूस म्हणजे एम. आर. जेम्स. मध्ययुगीन हस्तलिखितांचा गाढा अभ्यासक. केंब्रिजच्या एकेका कॉलेजातल्या पोथ्या चाळून त्याने त्यांच्या वर्णनात्मक सूची तयार केल्या. 28 ऑक्टोबर 1893 रोजी तिथल्या एका छोट्या मित्रमंडळासमोर त्याने आपल्या दोन भूतकथा वाचून दाखवल्या. पुढे नाताळात किंग्ज कॉलेजमधल्या त्याच्या खोलीत मित्र जमू लागले. जेम्स आतल्या खोलीतून हस्तलिखित घेऊन यायचा, एक सोडून बाकी मेणबत्त्या विझवायचा आणि वाचायला बसायचा. शाई अनेकदा नुकतीच वाळलेली असायची. पुस्तक आलं ते 1904 मध्ये. या कथांची वाक्यं मोठ्याने वाचून पाहावीत. कुठे थांबायचं ते वाक्यच सांगतं. कथाकथन ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही लय लगेच कळते.

‘द ट्रॅक्टेट मिडॉथ’ ही त्याची कथा तर ग्रंथालयातच घडते, आणि ते ग्रंथालय केंब्रिज विद्यापीठाचंच मानलं जातं. वाचकाने मागितलेलं हिब्रू पुस्तक आणायला एक तरुण कर्मचारी कपाटांकडे जातो. तिथे पाठमोरा एक वृद्ध धर्मगुरू, आणि धुळीचा विलक्षण दाट वास.

ध्वनिपुस्तकांचा उगम मात्र वेगळ्या गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना ब्रेल शिकणं जड जात होतं. फ्रान्समधल्या सोम इथल्या लढाईत अंध झालेल्या इयन फ्रेझर यांनी ‘बोलत्या पुस्तकां’चा ध्यास घेतला आणि 1935 मध्ये ब्रिटनमधल्या अंध वाचकांना ती घरपोच मिळू लागली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम 25 मिनिटांचं वाचन मावायचं. एका कादंबरीला तबकड्यांचा गठ्ठा लागे. डोळस वाचकांनी ही सोय आपलीशी केली ती बरीच नंतर. 2005 मध्ये ‘लिब्रिव्हॉक्स’ हे संकेतस्थळ सुरू झालं आणि स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं हौशी वाचकांच्या आवाजात फुकट ऐकता येऊ लागली. जेम्स 1936 मध्ये वारला, त्यामुळे ब्रिटनमध्ये 2007 पासून त्याच्या कथाही मोकळ्या झाल्या.

भूतकथा ओळखीच्या, रोजच्या वाटणाऱ्या जागी घडावी, म्हणजे ‘जपून राहिलो नाही तर हे माझ्यावरही ओढवेल’ असं वाचकाला वाटतं, हे जेम्सचं मत होतं. म्हणून ‘मिडॉथ’ ऐकायची तर ग्रंथालयातच ऐकावी, संध्याकाळी, मागच्या कपाटांच्या रांगेत उभं राहून.