डॉ. नो (चित्रपट)

इंग्रज कादंबरीकार इअन फ्लेमिंग (१९०८–६४) यांच्या जेम्स बाँड या गुप्तहेरनायकावरील चित्रपटमालिकेतला पहिला चित्रपट. दिग्दर्शक टेरेन्स यंग. निर्माते हॅरी सॉल्ट्झमन व अल्बर्ट ब्रॉकली. छायाचित्रण टेड मूर. संकलन पीटर हंट. नेपथ्य केन अ‍ॅडम. प्रमुख भूमिका शॉन कॉनरी, उर्सुला अँड्रेस, जोसेफ वाइजमन, जॅक लॉर्ड व जॉन किट्झमिलर. लंडनमधील पहिला खेळ ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडन पॅव्हिलियन येथे झाला. अमेरिकेत चित्रपट मे १९६३ मध्ये लागला. निर्मितिखर्च सु. १० लाख डॉलर. ‘पहिला बाँडपट’ हे बिरुद या मालिकेपुरतेच खरे आहे, कारण १९५४ साली अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर बॅरी नेल्सन या नटाने बाँड रंगवला होता.

कथानक परिचयाचे आहे. जमैकातील ब्रिटिश हेर बेपत्ता होतो, त्याच्या शोधासाठी बाँड जातो आणि क्रॅब की बेटावर अणुशक्तीच्या बळावर अमेरिकी अग्निबाणांची दिशा बिघडवणाऱ्या डॉ. नोचा नायनाट करतो. १९५८ च्या मूळ कादंबरीत डॉ. नो पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताच्या धंद्याआड रशियासाठी काम करतो. चित्रपटात रशिया वगळून ‘स्पेक्टर’ ही कोणत्याच देशाची नसलेली गुन्हेगारी संघटना आणली आहे. शीतयुद्ध ऐन भरात असताना केलेला हा बदल व्यापारी शहाणपणाचा होता, आणि चित्रपट फार जुनाट न वाटण्याचे तेही एक कारण असावे.

मालिकेची सुरुवात सहाव्या कादंबरीने का झाली, याचे उत्तर कोर्टकज्जात आहे. निर्मात्यांचा आधीचा विचार ‘थंडरबॉल’चा होता. परंतु त्या कादंबरीची सामग्री फ्लेमिंग यांच्याबरोबर लिहिलेल्या संयुक्त पटकथेतून घेतल्याचा दावा तिचे एक सहलेखक केव्हिन मॅक्लोरी यांनी १९६१ मध्ये लावला आणि ती बाजूला पडली. गंमत अशी, की ‘डॉ. नो’ कादंबरीचे बीजही फ्लेमिंग यांनी १९५६ च्या सुमारास दूरचित्रवाणीसाठी योजलेल्या, पण न झालेल्या एका मालिकेत होते. पटकथेच्या पहिल्या आराखड्यात रिचर्ड मेबॉम व वुल्फ मॅन्कोविट्झ यांनी डॉ. नोला चक्क माकड केले होते. ब्रॉकली यांनी तो आराखडा फेटाळला. पुढे मॅन्कोविट्झ यांनी श्रेयनामावलीतून आपले नाव काढून घेतले. अंतिम पटकथा मेबॉम, जोहाना हारवुड व बर्कली मादर यांच्या नावावर आहे.

चित्रीकरण १६ जानेवारी १९६२ पासून जमैकात व नंतर लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झाले. नेपथ्यकार केन अ‍ॅडम (जन्म बर्लिन, १९२१) यांच्याकडे पैसा बेताचाच होता. त्यांनी तो रिकाम्या जागेवर खर्च केला, असे म्हणता येईल. डॉ. नोचा हस्तक प्रा. डेंट याला बाँडला मारण्यासाठी विषारी कोळी दिला जातो त्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल आणि तिरप्या छतातले गोल जाळीदार भोक एवढेच आहे. जाळीची सावली जमिनीवर पडते आणि मालक न दिसता नुसता त्याचा आवाज येतो. पुढच्या बाँडपटांतील अजस्र अड्ड्यांपेक्षा ही खोली आज जास्त परिणामकारक वाटते. डॉ. नोच्या जेवणघराच्या जिन्यावर बाँड थबकून एका चित्राकडे वळून पाहतो, ते गोयाने काढलेले वेलिंग्टनच्या ड्यूकचे व्यक्तिचित्र आहे. ते ऑगस्ट १९६१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून चोरीस गेले होते आणि १९६५ पर्यंत सापडले नाही. १९६२ च्या प्रेक्षकाला हा विनोद ताज्या वर्तमानपत्रासारखा होता. आज त्याला टीप जोडावी लागते.

या चित्रपटाबाबत सर्वांत जास्त शाई खर्च झाली ती ‘जेम्स बाँड थीम’चा (बाँडपटांच्या ओळखीच्या धुनेचा) कर्ता कोण या प्रश्नावर. श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून माँटी नॉर्मन (१९२८–२०२२) यांचे नाव आहे. निर्मात्यांनी त्यांना जमैकाला नेले, गाणी करून घेतली. मुख्य सुरावटीने मात्र निर्मात्यांचे समाधान होईना. तेव्हा जॉन बॅरी (१९३३–२०११) यांना बोलावण्यात आले. त्यांनी संयोजन करून जून १९६२ मध्ये आपल्या वादकांसह ध्वनिमुद्रण केले. त्यांचा मोबदला २५० पौंड होता, असे सांगितले जाते.

नॉर्मन यांच्या म्हणण्यानुसार ही चाल त्यांच्या संग्रही आधीच होती. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीवरील नियोजित संगीतिकेसाठी त्यांनी ‘बॅड साइन, गुड साइन’ हे गाणे रचले होते. संगीतिका त्या वेळी रंगमंचावर आली नाही. कादंबरीचा नायक त्रिनिदादच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांच्या घरात जन्मतो आणि पंडित पंचांग उघडून सांगतो, की या मुलाची शिंक अपशकुनी ठरेल. गाणे या शिंकेविषयीच आहे. बाहेर पडताना कोणी शिंकले, की उंबऱ्यावरून परत फिरून घोटभर पाणी पिणाऱ्या घरांतील वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. मूळ चालीला सतारीच्या अंगाचे पौर्वात्य वळण होते. तिचे सूर तोडून तोडून घेतल्यावर ती बाँडला शोभली, असे नॉर्मन सांगत. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली तर थीममधील गिटारच्या तुकड्याचे मूळ ओळखू येते. ई स्वराला षड्ज मानल्यास तो ‘सा रे रे रे रे सा सा सा’ असा सुरू होऊन दुसऱ्या आवर्तनात कोमल गंधारावर चढतो आणि ऋषभावर उतरतो.

मात्र थीम या एका तुकड्याची नाही. गिटारखाली सरपटणारी चौस्वरी ओळ (प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध) हीच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणते. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात तसे येथे दोन्ही धैवत येतात, पण रागाचा विस्तार नव्हे तर ताण धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम. नंतरचा पितळी वाद्यांचा जॅझ अंगाचा भाग आणि शेवटचा, कोमल गंधाराशेजारी शुद्ध निषाद ठेवणारा स्वरमेळ ही बॅरी यांच्या घडणीची लक्षणे समजली जातात. त्यांच्या वाद्यवृंदाच्या १९५८ मधील ‘बीज नीज’ या रचनेत गिटारचा हाच पोत आढळतो. थीममधील गिटार व्हिक फ्लिक यांनी वाजवली. ते वाद्य क्लिफर्ड एसेक्स बनावटीचे, १९३९ सालचे होते. त्याच्या तारांना घोडीजवळ जोराने छेडल्यामुळे तो करकरीत आवाज निघाला.

१९९७ मध्ये लंडनच्या संडे टाइम्सने थीमचे कर्तृत्व बॅरी यांचे असल्याचा मजकूर छापला. नॉर्मन यांनी बदनामीचा दावा लावला. बॅरी यांनी साक्षीत सांगितले, की नॉर्मन यांच्या हस्तलिखितातून आपल्या हाती फारसे काही लागले नव्हते. मार्च २००१ मध्ये ज्यूरीने नॉर्मन यांच्या बाजूने कौल देऊन त्यांना ३०,००० पौंड भरपाई दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत या चित्रपटातील अँड्रेसच्या पांढऱ्या बिकिनीला लिलावात ३५,००० पौंड आले होते. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला, अभ्यासकांच्या दृष्टीने नाही. चाल आणि संयोजन यांत फरक करणाऱ्याला मात्र हा वाद थोडा कृत्रिम वाटतो. हिंदी-मराठी चित्रसृष्टीत चाल संगीतकाराची आणि वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझा किंवा अनिल मोहिले यांच्यासारख्या संयोजकांचा, हे वादकांच्या बाकावर कोणालाही ठाऊक असे. नामावलीत मात्र ते क्वचित दिसे. त्या मापाने चाल नॉर्मन यांची व बाँडचा आवाज बॅरी यांचा, हेच मत ग्राह्य धरावेसे वाटते. चित्रपटात ही थीम बाँड विमानतळावर उतरतो अशा साध्या प्रसंगांवरही तुकडे कापून वापरली आहे, कारण तिचा मोह संकलकांना आवरलेला नाही.

शीर्षकांपूर्वीचे बंदुकीच्या नळीतून दिसणारे दृश्य शीर्षकरचनाकार मॉरिस बाइंडर यांचे. खऱ्या नळीतून सूचिछिद्र कॅमेऱ्याने त्याचे चित्रण झाले. नळीत वळून गोळी झाडणारा माणूस कॉनरी नसून बॉब सिमन्स हा साहसदृश्यकार आहे. उसनेपणा इतरत्रही आहे. अँड्रेसचे संवाद निकी व्हॅन डर झील यांच्या आवाजात आहेत, तर गाण्याच्या ओळी डायना कूपलंड यांनी गायल्या आहेत.

अनेक वर्षांनी चित्रपट पुन्हा पाहताना त्याचा संथपणा आधी जाणवतो. बाँड हॉटेलच्या खोलीत डोक्याचा केस उपटतो, थुंकी लावून कपाटाच्या दारावर चिकटवतो आणि बाहेर जातो. परत आल्यावर केस जागेवर नसतो. एवढ्याशा युक्तीला दिलेला वेळ पुढच्या बाँडपटांत मिळत नाही. चुकाही दिसू लागतात. बाँडचा वरिष्ठ ‘एम’ याचे ओठ ‘एमआय सिक्स’ (ब्रिटिश हेरखाते) म्हणतात आणि कानावर ‘एमआय सेव्हन’ येते. डेंटचे पिस्तूल रिकामे झाल्यावर बाँड त्याला स्मिथ अँड वेसनच्या सहा गोळ्या संपल्याचे ऐकवतो, परंतु हातातले शस्त्र सात गोळ्यांचे कोल्ट आहे. फ्लेमिंग यांना शस्त्रांच्या तपशिलाबाबत ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड यांनी १९५६ मध्ये पत्र लिहून सावध केले होते आणि त्यांचेच आडनाव चित्रपटातील शस्त्राधिकाऱ्याला दिले आहे. त्यामुळे ही चूक जास्त खटकते.

वंशभेदाचा प्रश्न याहून गंभीर आहे. चिनी-जर्मन डॉ. नो व चिनी वळणाची मिस टारो या दोन्ही भूमिका गोऱ्या कलावंतांनी डोळ्यांची रंगभूषा करून केल्या आहेत. केमन बेटांवरचा क्वॉरल हा कृष्णवर्णीय सोबती दलदलीतल्या ‘ड्रॅगन’ला (खरे तर ज्वाला फेकणाऱ्या वाहनाला) घाबरणारा दाखवला आहे. बाँड त्याला आपले बूट आणायला सांगतो, तो आणतो, आणि पुढे तोच जळून मरतो. चित्रीकरणाच्या वेळी जमैका ब्रिटिश वसाहत होती. ६ ऑगस्ट १९६२ रोजी, म्हणजे प्रदर्शनाच्या दोन महिने आधी, ती स्वतंत्र झाली. साहेबांचा क्लब आणि पत्त्यांचा डाव पडद्यावर आला तेव्हाच इतिहासजमा झाला होता. याच चित्रपटात बायरन ली यांचा जमैकन वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवताना दिसतो. आयलंड रेकॉर्ड्सचे संस्थापक क्रिस ब्लॅकवेल यांनी चित्रीकरणस्थळे शोधण्यास मदत केली होती. जमैकन संगीताच्या अभ्यासकांना चित्रपट मोलाचा वाटतो तो त्यामुळे.

भारतात बाँडपटांच्या धर्तीवर तेलुगू ‘गूढचारी ११६’ (१९६६) व त्यावरून हिंदी ‘फर्ज’ (१९६७) निघाले. दुसऱ्यात एजंट ११६ ची भूमिका जितेंद्र यांनी केली. संगीत लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचे होते. त्यातले आजही घरोघर वाजणारे गाणे वाढदिवसाचे आहे.